"उचलून नेऊ" नको, टॉयलेटचा दरवाजा मोजा

थंडी पडली की पुण्यात जो तो पवना धरणाच्या काठी टेंटमध्ये राहायला निघतो आणि आमच्याकडे फोनाफोनी सुरू होते. धाकट्या भावाच्या मणक्याला इजा झालीये, व्हीलचेअर वापरतो, वय 24, आणि त्याला मित्रांबरोबर जायचंय, आईबाबांबरोबर नाही. कॅम्पवाल्यांकडून दरवेळी एकच उत्तर, तेही अगदी प्रेमाने, "या ना ताई, काही टेन्शन नाही, आमची पोरं उचलून नेतील."

मला हे उचलणंच नकोय. मनापासून बोलतात ते, मान्य, पण रात्री दोनला टॉयलेटला जायचं म्हणून अनोळखी पोरांना उठवायचं, त्यांनी याला उचलायचं, यात त्याची ट्रिप कुठे राहिली? मग तो संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, आणि कॅथेटर (लघवीची नळी) वापरणाऱ्याने पाणी तोडलं की युरिन इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही.

लागतं काय, तर पार्किंगपासून टेंटपर्यंत दाबून बसवलेल्या मुरमाची वाट. एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प. टॉयलेटचा दरवाजा 90 सेंटीमीटर, आत खुर्ची वळायला दीड मीटर जागा, कमोड, धरायला बार. खाली गादी टाकण्याऐवजी खुर्चीच्या उंचीची खाट, कारण जमिनीवरून परत खुर्चीत चढणं फार अवघड, आणि कडक जागी रात्रभर झोपलं की बेडसोअरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमांची, भीती. शेकोटीजवळ तर नक्की कुणीतरी लक्ष ठेवायचं, पायाला संवेदना नसली की भाजलेलं कळतच नाही, हे खूप कमी लोकांना माहिती असतं.

आणि हे उपकार म्हणून मागत नाहीये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 29 मध्ये, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रम स्पष्ट लिहिलेत, सरकारने आणि स्थानिक संस्थांनी त्यात भाग घेणं सोपं करायचंय.

3 डिसेंबरला दिव्यांग दिनाची सहल निघते, टोप्या, फोटो, संध्याकाळी परत. ती बंद करा असं नाही म्हणत, कितीतरी मुलं त्यामुळेच घराबाहेर पडतात. पण नेहमीच्याच कॅम्पमध्ये दोन टेंट नीट केले तर हा मित्रांबरोबर, त्याला हवं त्या शनिवारी जाईल.

पवना, मुळशी, पानशेत, कुठेही तुमचा कॅम्प असेल तर टॉयलेटच्या दरवाजाचं माप आणि वाटेचा फोटो पेजवर टाका. सोय नसेल तर नाही असंच लिहा, आम्ही त्यावरून ठरवू.