आमची वाटचाल : बंद गाड्यांचं गॅरेज

१९९६ साली कणकवलीत हायवेलगत पत्र्याची शेड भाड्याने घेऊन गॅरेज सुरू केलं. त्याआधी कुर्ल्यात फियाटवर हात बसला होता. फियाटचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचा, कारखाना तेव्हा कुर्ल्यातच, त्यामुळे टॅक्सीवाले, पार्टची दुकानं, जुने मिस्त्री सगळे हाकेच्या अंतरावर. गावी यातलं काहीच नव्हतं. ठिणगीसाठी लागणारा पॉइंटचा सेट किंवा पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) हवा असला की मुंबईला ऑपेरा हाऊसच्या दुकानात फोन करायचा आणि रातराणीच्या ड्रायव्हरची वाट बघायची.

या अडचणीनेच धंद्याला वळण दिलं. ‘हा पार्ट बदलून बघू, नाहीतर तो बदलू’ ही शहरातली पद्धत इथे परवडणारी नव्हती. चुकीचा पार्ट मागवला तर दुसरा येईपर्यंत चाकरमान्याची रजा संपायची. म्हणून आधी नेमका बिघाड शोधायचा, मग फोन उचलायचा, असा नियम पडला.

कोकणातल्या गाड्या चालून कमी आणि उभ्या राहून जास्त बिघडतात. मे महिन्यात गाडी पडवीत लावून मालक मुंबईला जातो, चतुर्थीला येऊन चावी फिरवतो. मधे अख्खा पावसाळा. बॅटरी उतरलेली, टर्मिनलवर हिरवट-पांढरा खार, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून जेटची बारीक भोकं बुजलेली आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. एकदा एअर फिल्टरवर धामण वेटोळं करून बसली होती. त्या दिवशी बॉनेट उघडणारा पोरगा अजून आधी बॉनेटवर टकटक करतो.

सुरुवातीला पैसे मिळायचे ते पार्टवरच्या कमिशनचे. नुसती वायर घट्ट केली की गिऱ्हाईक म्हणायचं, “पैसे कसले रे? तू तर काय बदललंस नाय!” नवी बॅटरी विकली असती तर त्याने मुकाट पैसे दिले असते. म्हणजे खरं काम केलं की नुकसान आणि नको तो पार्ट विकला की फायदा. हे पटेना. मग शेडवर पाटी लावली : ‘बिघाड शोधण्याची मजुरी वेगळी. पार्ट बदलो वा न बदलो.’ पहिला हंगाम वाईट गेला. बरीच गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजला गेली. टिकून राहिले ते जीपवाले आणि एक-दोन डॉक्टर, ज्यांना गाडी त्याच दिवशी हवी असायची. त्यांच्या तोंडूनच नाव पसरलं.

ती मजुरी कशाची, हे लोकांना अजून विचारावंसं वाटतं, म्हणून सांगतो. आम्ही आधी ऐकतो. चावी फिरवल्यावर टकटकटक असा भराभर आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते नाहीतर टर्मिनल सैल असतं. एकच ‘टक्’ आणि पुढे शांत, तर सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा, सोलनॉइड (तिला करंट जोडणारा स्विच) नाहीतर झिजलेले कार्बन ब्रश. सेल्फ भिरभिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारा गिअर. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तेव्हा आधी प्लगला करंट येतोय का बघायचा, मग पेट्रोल. पावसाळ्यात रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारून बघावा. ओलसर प्लग वायरींवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर करंट तिथेच गळतोय. तेव्हा डिस्ट्रिब्युटरची (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून पुसली तरी पुष्कळदा गाडी सुरू होते.

मल्टीमीटर मात्र हवाच. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती रिकामीच समजा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरता कामा नये. आणि आमच्या भागातला सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे अर्थिंग, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येणारी जोडणी. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने आतून गंजलेली आहे. वरून ती ठणठणीत दिसते. अशा गाडीत दोन-दोन नव्या बॅटऱ्या घालून झालेले लोक आमच्याकडे येतात. पट्टी काढून, घासून, पेट्रोलियम जेली लावून बसवायला चहा निवण्याइतका वेळ लागतो.

डिझेल गाड्यांचं वेगळं : थंड इंजिन तापवणारा हीटर प्लग किंवा डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. त्यात फार डोकं लागत नाही.

२००० च्या आसपास मारुती ८०० एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) झाली, तेव्हा आमच्या ओळीतल्या अनेकांनी हात वर केले. मलाही कार्बोरेटरच आवडतो, कारण त्याचं दुखणं उघडून डोळ्यांनी दिसतं. पण पद्धत तीच चालली. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंप दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. नाही गुणगुणला तर आधी फ्यूज, मग रिले, टाकी उतरवायची सगळ्यात शेवटी. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आता माझी मुलगी हाताळते. कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलायचा नाही, आधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासायचा, हे तिला वेगळं शिकवावं लागलं नाही.

अलीकडे इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या कार्बोरेटर गाड्यांचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम लवकर फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. त्यामुळे जुनी गाडी कामाला आली की रबर आम्ही न विचारता तपासतो. पंधरा वर्षं झालेली गाडी पुन्हा पासिंग करून ठेवायची की भंगारात द्यायची, हे मात्र मालकाने ठरवावं. विचारलंच तर सांगतो : पत्रा खालून कुजला असेल तर सोडा, इंजिन सुरू होत नाही एवढंच कारण असेल तर देऊ नका.

सध्या निम्मा धंदा बंद घरांच्या गाड्यांचा आहे. मालक किल्ली आमच्याकडे ठेवतात. ते गेले की निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतो, महिन्यातून एकदा जोडून गाडी ओसरगावपर्यंत फिरवून आणतो, कारण जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी नीट भरत नाही. मुलगी मीटरच्या आकड्याचा फोटो मालकाला पाठवते. नांदगावपासून कसालपर्यंतच्याच गाड्या घेतो. वैभववाडी, मालवणहून विचारणा होते, पण तिथे जायचं तर आणखी एक हुशार पोरगा लागेल, आणि असे पोरगे गोव्यात जास्त पगारावर जातात. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस भरलेले असतात. गाडी दाखवायची असेल तर श्रावण लागायच्या आत फोन करा, आणि येताना नवी बॅटरी विकत घेऊन येऊ नका.