पूर्ण एक मिनिट

टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात मी २० लिहिलं, तेव्हा मी श्वास मोजलेच नव्हते. ताप बघितला होता, नाडी मोजली होती. तेवढ्यात वॉर्डच्या दाराशी आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडमचा आवाज आला आणि हाताने आकडा लिहून टाकला. नर्सिंगचं दुसरं वर्ष, मेडिकल वॉर्डची पोस्टिंग, तिसरा आठवडा.

ही गोष्ट मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितली आहे. परवा आमच्या वॉर्डात पोस्टिंगला आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडम माझ्या हात धुवून मागे लागल्यात. मी काय करू?" राऊंड सुरू होणार होता, म्हणून दोन मिनिटांत सुचलं ते सांगितलं. रात्री वाटलं, तिला नीट उत्तर मिळायला हवं होतं.

आमच्या त्या मॅडमना काम येत होतं, हे आधी सांगते. हात अत्यंत सफाईदार, नजर घारीची. पण त्या शिकवायच्या ते पाणउतारा करून. पहिल्याच दिवशी पलंगापाशी उभं करून विचारलं, "हजार एमएल सलाईन, आठ तास, एमएलला वीस थेंबांचा सेट. मिनिटाला किती थेंब?" हजार गुणिले वीस, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. हॉस्टेलवर हे गणित मी झोपेतही केलं असतं. तिथे सहा मैत्रिणी आणि पेशंटचा मुलगा बघत असताना माझी दातखीळ बसली. मॅडम त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "हिला थेंब मोजता येत नाहीत, आणि ही नर्स होणार." त्यानंतर मी सलाईनजवळ गेले की तो मुलगा म्हणायचा, "तुम्ही नको, दुसऱ्या सिस्टरना बोलवा." मॅडमचं बोलणं मी गिळलं असतं. त्याचं ते "तुम्ही नको" कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ड्रेसिंग. ट्रे लावून झाला, हातमोजे घातले, जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाचा तुकडा, म्हणजे पहिला गॉज, उचलला आणि त्या म्हणाल्या, "थांब. सगळं फेकून दे." काय चुकलं विचारलं, तर "एवढंही कळत नसेल तर घरी बस." तीन दिवस मी आठवून आठवून थकले. शेवटी एका सीनियर ताईने विचारलं, गॉज कुठे ठेवला होतास? निर्जंतुक कापडाच्या कडेचा एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, आपण अस्वच्छच धरतो, आणि माझा गॉज नेमका त्या कडेवर होता. मॅडमचं बरोबर होतं! पण एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट मला तीन दिवसांनी कळली, आणि तोवर आपण नालायक आहोत एवढंच मी शिकले होते.

कडक शिक्षक मला आधीही भेटले होते. पहिल्या वर्षाच्या लॅबमधल्या मॅडमनी हात धुण्याच्या पायऱ्या माझ्याकडून आठ वेळा करून घेतल्या होत्या, आणि मी रडले होते. पण प्रत्येक वेळी त्या नेमकं सांगायच्या, अंगठा राहिला, नखांची टोकं राहिली. त्यांच्याकडे स्वतःची चूक घेऊन जायची मला कधी भीती वाटली नाही. कडक शिक्षक आणि आकस धरणारा शिक्षक यांत मी आजही फरक करते तो इथेच: चूक झाली की तुमचे पाय त्यांच्याकडे वळतात की त्यांच्यापासून लांब?

तर त्या २० विषयी. आकडा लिहून मी पुढच्या पलंगाकडे गेले, पण मन मागेच होतं. ताप बघताना त्या आजी माझ्याशी दोन-दोन शब्दांत बोलल्या होत्या, मध्ये थांबत. मी परत गेले. आजींचा हात हातात घेतला, नाडी बघतेय असं दाखवलं, कारण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो. नजर छातीवर आणि घड्याळावर. पूर्ण एक मिनिट. २८. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असावेत हे मला पाठ होतं, म्हणूनच तर माझ्या हाताने २० लिहिलं होतं.

वॉर्डच्या त्या टोकाला मॅडम उभ्या होत्या. तिथवर चालत जाताना अक्षरशः हातपाय गळाले होते. "मॅडम, सात नंबरच्या आजींचे श्वास २८ आहेत. चार्टवर २० लिहिलंय ते मी लिहिलंय, न मोजता." त्या आधी पेशंटकडे गेल्या, बोटाला ऑक्सिमीटर लावला, पाठ उंच केली, डॉक्टरांना बोलावलं. आजींना ऑक्सिजन सुरू झाला आणि पुढे त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. चार्टवर मी २० वर एकच आडवी रेघ मारली, बाजूला २८, वेळ आणि सही. खाडाखोड नाही, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. मग व्हरांड्यात सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासारख्या मुलींमुळेच पेशंट मरतात."

तो न मोजलेला आकडा माझाच होता आणि त्याचं खापर मी मॅडमवर फोडत नाही. पण तो का लिहिला गेला हे समजून घ्यायला मला वेळ लागला. मानसिक आरोग्याच्या पेपरला नर्सिंगमधल्या विदुषी पेप्लाऊ यांनी सांगितलेल्या चिंतेच्या चार पातळ्या पाठ केल्या होत्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. सौम्य चिंतेत माणूस जागा असतो, शिकतो. ती वाढत गेली की नजरेचा आवाका आकसतो, समोरचं दिसेनासं होतं. मला त्या क्षणी आजींची छाती दिसत नव्हती, दार दिसत होतं. पुढे एमी एडमंडसन या संशोधिकेचं काम वाचनात आलं. १९९६ च्या त्यांच्या अभ्यासात हॉस्पिटलमधल्या चांगल्या चाललेल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्यांना उलटं अपेक्षित होतं. उलगडा असा, की तिथल्या नर्सना चूक बोलून दाखवता येत होती. जिथे प्रमुखाचा धाक होता तिथे चुका दडवल्या जात होत्या. वाचताना मला तो रकाना आठवला. मी परत गेले नसते तर ती चूक कुणाच्याच मोजणीत आली नसती.

त्या रात्री मी खिशात मावेल अशी एक डायरी काढली. उजव्या पानावर मॅडम माझ्या कामाबद्दल काय बोलल्या ते, डाव्या पानावर माझ्याबद्दल काय बोलल्या ते. तारीख, वेळ, कोण हजर होतं, आणि शब्द जसेच्या तसे. मला काय वाटलं ते लिहायचं नाही. दोन आठवड्यांनी उजव्या पानांवर चार गोष्टी निघाल्या. त्यातली एक अशी की बीपी बघताना मी दंडावरच्या पट्ट्यातली, म्हणजे कफमधली, हवा फार भरभर सोडते, ती सेकंदाला दोन ते तीन एमएम या वेगाने सोडायला हवी. अगदी खरं. मी लॅबमध्ये जाऊन तेवढ्याच चार गोष्टी घोटल्या. डावी पानं भरत राहिली, पण ती वाचून पूर्वीसारखं पोटात कालवेनासं झालं. तिथे माझा आवाज होता, माझा रंग होता, माझे आईवडील होते, आणि नर्सिंग कुठेच नव्हतं.

मग एका सकाळी ड्यूटी सुरू व्हायच्या आधी एकटी भेटले. वाक्य पाठ करून गेले होते. "मॅडम, मला शिकायचंय. चुकलं की काय चुकलं ते तिथेच हळू आवाजात सांगाल का? पेशंटसमोर मी गोंधळते." त्या म्हणाल्या, "आता तू मला शिकवणार?" पुढचे दोन दिवस आणखी वाईट गेले. उपयोगी पडलं ते वेगळंच. पेशंटकडे जायच्या आधी ट्रीटमेंट रूममध्ये ट्रेपाशी उभं राहून मी त्यांना सगळ्या पायऱ्या म्हणून दाखवायला लागले. चूक निघायची ती तिथे, पेशंटच्या अपरोक्ष. त्यांनी याला कधी हो म्हटलं नाही, पण नकोही म्हटलं नाही.

एक चूक मीही केली, ती तुम्ही करू नका. संतापाच्या भरात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याबद्दल लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याचा स्क्रीनशॉट त्यांच्याकडे होता. केलेल्या प्रोसिजरची नोंद असते त्या लॉगबुकवर सही मिळणार नाही, असं मला सांगण्यात आलं.

तेव्हा मी डायरी घेऊन को-ऑर्डिनेटर मॅडमकडे गेले. ग्रुपवर काय लिहिलं होतं ते आधी मीच सांगितलं. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "हे ऐकणारं कुणी आहे?" एक मैत्रीण माझ्याबरोबर आली. दुसरी नाही म्हणाली, तिचेही इंटर्नल मार्क त्याच मॅडमच्या हातात होते, आणि माझा तिच्यावर राग नाही. शेवटी ठरलं एवढंच की राहिलेल्या प्रोसिजर दोन शिक्षकांसमोर होतील आणि शेरा लेखी मिळेल. मॅडम तिथेच राहिल्या. माझ्याकडे बघून बोलणं त्यांनी सोडून दिलं. सही मिळाली.

त्या मुलीला मी डायरी आणि ट्रीटमेंट रूमचं सांगितलं आहे. एक राहून गेलं, ते इथे लिहिते. मॅडम पेशंटच्या जिवाला धोका होईल असं काही करायला लावत असतील, किंवा बोलणं जातीवर, धर्मावर, अंगावर जात असेल, तर दोन आठवडे डायरी भरत बसू नकोस. त्याच दिवशी जा, एकटी जाऊ नकोस, आणि जे सांगशील ते लिहूनही दे.

मला आजही वॉर्डच्या दाराशी चपलांचा विशिष्ट आवाज आला की पेशंटच्या मनगटावरचं बोट हलतं आणि मोजणी चुकते. मग मी सेकंदकाटा पुन्हा बारावर येईपर्यंत थांबते आणि पहिल्यापासून मोजते.