सुजलेली रेघ

बाबांनी फळीवरून बोट फिरवलं आणि ‘प्रसन्न’पाशी थांबले. "इथे रेघ सुजली," म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

दुपारभर मी तो शब्द घेऊन बसलोय. फोंड्यात सकाळपासून पावसाने धरलंय, चवथीआधी काकीला फळी द्यायची आहे, आणि ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ची शिरोरेषा डावीकडे ६ मिमी, उजवीकडे ७.२. कॅलिपर तीनदा लावला. तीनदा तेच.

कोरणाऱ्या मशीनला दिलेली फाइल बरोबर होती. व्ही-कार्व्हिंगमध्ये, म्हणजे टोकदार बिट (कोरायचं पातं) फिरवून व्हीच्या आकाराची खाच पाडताना, खोली आपण ठरवतच नाही. रेघेची रुंदी आखून द्यायची, तेवढी रुंदी भरेपर्यंत बिट उतरतं. ९० अंशांच्या टोकाच्या बिटाला रुंदीच्या निम्मं, म्हणजे ६ला ३ मिमी. शिरोरेषेला काना मिळतो तिथे जागा रुंदावते, तिथे टोक आपसूक खाली जातं. रेघ निमुळती झाली की वर येतं. या कामात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. पटाशी धरलेला हातही असाच चढतो-उतरतो.

पण हा सगळा हिशोब फळीचं तोंड सपाट आहे असं धरून. मी कागदाचा कपटा ठेवून झेडचं शून्य, म्हणजे मशीन खोली जिथून मोजतं ती पातळी, घेतलं ते फक्त डाव्या कोपऱ्यावर. आठ दिवस या ओल्या हवेत पडून फणसाचं उजवं टोक ०.६ मिमी उचललं होतं. बिट तिथे तेवढंच जास्त रुतलं, आणि ९०च्या बिटात खोलीची चूक रुंदीत दुप्पट होते. ६०चं लावलं असतं तर रेघ ०.७नेच फुगली असती, पण मग ६ मिमीच्या रेघेसाठी ५.२ खोल जावं लागलं असतं.

सगळं कळतं. तरी ते ‘सुजली’ जात नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. सहा वर्षं त्यांच्या बाकाशेजारी मशीन चालवतोय, कसं चालतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि बोट मात्र नेमकं तिथेच थांबलं. दादा असता तर... जाऊ दे.

दिवेलागणीला पुन्हा आले. फळी अजून क्लॅम्पमध्येच होती. पट्टी आडवी ठेवून डोळा लावला. "खाचेचा तळ कुठे चुकलाय? तळ सरळच आहे. तोंड वर आलंय. ते उतरव."

मी बघतच राहिलो. मी दिवसभर अक्षरं मोजत होतो, आणि नवी फळी कुठून आणायची हा घोर लागला होता. व्हीची खाच वरून तासली की अरुंद होते, एवढं साधं.

सपाटीचं बिट लावलं, त्याच डाव्या कोपऱ्यावर शून्य घेतलं आणि फळीभर फिरवलं. डावीकडे जेमतेम धूळ उडाली, उजवीकडे पिवळाजर्द भुसा. ‘न्न’वरची शिरोरेषा आता ६.१.

बाबा तोवर जेवायला बसले होते. मी पाहायला बोलावलं नाही. सकाळी त्या बाजूने जातील तेव्हा बोट फिरवतीलच.

दुसरी फळी भिंतीला टेकून आहे. उद्या आधी तिचं तोंड सपाट करायचं, मग शून्य. आणि चारही कोपरे तपासून.