२५ जीबीची खोली

रविवारी सकाळी भाची लॅपटॉप घेऊन लालबागला आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, यात लिनक्स टाकून दे. पण विंडोज उडवायचं नाही हं, आईचे जीएसटीचे कागद आहेत त्यात." इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुरुवारपर्यंत इन्व्हर्टरचा लेआउट, म्हणजे आराखडा, काढून न्यायचा होता. इन्व्हर्टर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बॅटरी आली. उमेदीची वर्षं टीव्ही दुरुस्तीत गेली, नंतर कॉम्प्युटर. "तो नव्हे रे, चिपमधला, दोन ट्रान्झिस्टरांचा. एकचा शून्य करायचा आणि शून्याचा एक." बरं.

विंडोज ठेवायचं म्हणजे व्हर्च्युअल मशीन आलं: विंडोजच्या आतच चालणारा दुसरा, लटका कॉम्प्युटर. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, उबुंटू २२.०४ नावाचं लिनक्स बसवलं. इथवर चहा गार व्हायच्या आत झालं. डिस्क किती हवी असं विचारलं तेव्हा समोर २५ जीबी लिहिलेलं होतं. मी 'पुढे' दाबून मोकळा. तिथेच माशी शिंकली.

चिप काढायची तर नुसतं चित्रकलेचं सॉफ्टवेअर पुरत नाही. जो कारखाना ती चिप घडवणार त्याचे नियम लागतात: कुठली पट्टी किती रुंद हवी, दोन पट्ट्यांत अंतर किती, ट्रान्झिस्टर कसा वागतो. त्या गाठोड्याला पीडीके म्हणतात. पूर्वी हे कंपन्यांच्या कुलपात असायचं. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरचं पीडीके सगळ्यांना खुलं केलं, म्हणून आज लालबागच्या दुकानात बसून हा उद्योग करता येतो. गाठोडं मात्र चांगलं जाडजूड. नेटचा डोंगल गरम झाला, भाचीने बहिणीने दिलेल्या अळूवड्या संपवल्या, आणि शेवटी पडद्यावर आलं की डिस्कवर जागा नाही.

मग मी शहाणपणा केला. विंडोजच्या डी ड्राइव्हवर १५० जीबी मोकळी होती. म्हटलं, तोच फोल्डर शेअर करू आणि पीडीके तिकडे ठेवू. कॉपी छान सुरू झाली आणि मध्येच एररचा पाऊस. पीडीकेमध्ये सिमलिंक असतात, म्हणजे फाइल एकीकडे आणि दुसरीकडे नुसती तिचा पत्ता सांगणारी पाटी. सुरक्षेसाठी शेअर्ड फोल्डरमध्ये अशा पाट्या लावायला मुभा नसते. ती सक्तीने चालू करता येते, पण मला ते नको वाटलं. लिनक्सचं सामान लिनक्सच्या घरातच राहावं.

मशीन बंद करून डिस्क ८० जीबी केली. पुन्हा चालू करून जागा बघतो, तर २५ च! आमच्या चाळीत शेजारची खोली विकत घेतली तेव्हा अगदी हेच झालं होतं. कागदावर दोन खोल्या आमच्या, पण मधली भिंत पाडेपर्यंत राहायचं एकाच खोलीत. व्हर्च्युअलबॉक्सने मोठी केली ती नुसती डिस्क. आतलं पार्टिशन वाढवायचं, मग त्यावरची फाइल सिस्टिम ताणायची, ही कामं उबुंटूच्या आत जाऊन वेगळी करावी लागतात. भिंत पडली आणि ८० दिसले.

आता मॅजिक. हे लेआउटचं सॉफ्टवेअर बर्कलेला १९८० च्या दशकात जन्मलं, आणि अजून लोक त्यात भर घालतायत. टीव्हीच्या धंद्यातला माणूस अशा टिकाऊ मालाला मान देतो. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधायला घेतलं. मशीनमध्ये काय काय आहे ते तपासणारं कॉन्फिगर कुरकुर न करता संपलं, प्रत्यक्ष बांधणारं मेकही झालं. उघडलं तर कमांडची खिडकीच नाही आणि पीडीकेची सेटिंगची फाइल वाचायला नकार. खरी गोष्ट कॉन्फिगरच्या शेवटच्या चार ओळींत लिहिलेली होती: टीसीएल-टीके सापडलं नाही, त्याच्याशिवाय बांधतो. तक्रार नाही, निव्वळ नोंद. मॅजिकची कमांडची खिडकी आणि ती सेटिंगची फाइल याच टीसीएल-टीकेवर चालतात. मी त्या ओळी वाचल्याच नव्हत्या. टीसीएल, टीके, कायरो, एक्स-११ यांची 'डेव्ह' पॅकेजं, म्हणजे बांधणीला लागणारं सामान, टाकली, जुनं सगळं पुसून पुन्हा बांधलं. तेव्हा कुठे खिडकी आली आणि स्काय-१३० चे, म्हणजे त्या पीडीकेचे, रंग दिसले.

यापुढचं बघायला मी स्टूल ओढून बसलो. भाचीने हिरवी पट्टी काढली, ते डिफ्यूजन, म्हणजे सिलिकॉनचा वीज वाहणारा भाग. तिच्यावरून आडवी लाल पट्टी नेली, तो पॉली, ती वीज चालू-बंद करणारं दार. जिथे लाल हिरव्याला ओलांडते तिथे ट्रान्झिस्टर. वेगळं काही काढायचंच नाही! मी हजारो ट्रान्झिस्टर काढले-घातले असतील, तीन पायांचे, काळे, डाळिंबाच्या दाण्याएवढे. हा लाल पट्टीच्या रुंदीत ०.१५ मायक्रॉनचा. मी डबीतला बीसी ५४७, जुना ओळखीचा ट्रान्झिस्टर, तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "यात आत एकच असतो?"

एक अडचण राहिलीच. मॅजिकमध्ये डावं बटण चौकटीचा खालचा कोपरा ठरवतं, उजवं वरचा, आणि रंग भरतं मधलं. तिच्या लॅपटॉपच्या टचपॅडला मधलं बटण नाही. दुकानातल्या माझ्या माउसचं चाक दाबलं की काम होतं, तोच जोडून दिला. नियम मोडला की मॅजिक तिथल्या तिथे ठिपके मांडतं आणि वर चुकांचा आकडा दाखवतं. संध्याकाळी तो बारावरून तीनवर आला. तिन्ही चुका एन-वेलच्या, म्हणजे दोनांपैकी एक ट्रान्झिस्टर ज्या चौकटीत बसतो तिच्या, कडेला होत्या. "त्या मी घरी बघते," म्हणत तिने करी रोडहून मुलुंडची स्लो पकडली.

माउस तिच्याबरोबर गेलाय. हे सगळं टचपॅडवर लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी.