ऱ्होड्स: कॅसिनोच्या आधी इथे काय झालं होतं

ऱ्होड्स हे ग्रीसचं बेट. तिथलं लिंडोस गाव देखणं आहे आणि क्रूझचं जहाज लागलेलं असेल त्या दिवशी असह्य आहे. जुन्या शहरातला सरदारांचा रस्ता सकाळी आठच्या आत उरकावा. फुलपाखरांची दरी बघायची तर उन्हाळ्यातच, एरवी फुलपाखरं नसतात. ऱ्होड्सच्या पर्यटनाबद्दल मला एवढंच सांगायचंय. बाकीची जागा एली बीचवरच्या कॅसिनोला.

मांद्राकी बंदरापासून समुद्र उजव्या हाताला ठेवून उत्तर टोकाकडे चालत राहिलं की थोड्याच वेळात ही भलीमोठी इमारत येते. अनेकजण जुन्या तटबंदीच्या आत शोधत बसतात, पण ती नव्या शहरात आहे. बेट इटलीच्या ताब्यात असताना, १९२७ मध्ये, 'गुलाबांचं हॉटेल' म्हणून ती बांधली. मूळची पौर्वात्य धाटणीची नक्षी पुढच्या दशकात इटालियनांनीच काढून टाकली, त्यामुळे दर्शनी भाग आज कोरा, सपाट वाटतो. २००२ पासून आत कॅसिनो आहे. समोरचा किनारा गोट्यांचा, अनवाणी चालवत नाही, आणि हंगामात छत्र्यांच्या रांगांआडून इमारत धड दिसतही नाही. हजारो लोक तिच्याकडे पाठ करून पडलेले असतात, याचा मला मनस्वी राग येतो. कारण १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर, १९४९ च्या जानेवारीत, इजिप्त आणि इस्रायल शस्त्रसंधीच्या बोलण्यांसाठी याच इमारतीत समोरासमोर आले आणि त्यांच्यामध्ये संयुक्त राष्ट्रांचे अमेरिकन मध्यस्थ राल्फ बंच बसले होते.

बंच यांच्याकडे हे काम आलं ते एका खुनामुळे. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ होते स्वीडनचे काउंट फोल्क बर्नाडोट, आणि त्यांचं मुख्यालय याच हॉटेलात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते आणि शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो, दोघेही ठार झाले. सेरो बसले होते ती जागा खरं तर बंच यांची. वाटेत एका नाक्यावर अडकल्यामुळे त्यांना पोहोचायला उशीर झाला. डेट्रॉइटमध्ये जन्मलेला, आईवडिलांविना लॉस एंजेलिसला आजीनं वाढवलेला, हार्वर्डचा डॉक्टरेट असलेला हा कृष्णवर्णीय प्राध्यापक दुसऱ्या दिवसापासून हंगामी मध्यस्थ झाला.

१६ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेनं शस्त्रसंधीचा ठराव केला. शस्त्रसंधी म्हणजे तह नव्हे, हा फरक नीट ध्यानात घेतला नाही तर पुढचं काहीच कळत नाही. सीमा ठरवायची नाही, मान्यता द्यायची नाही. सैन्य कुठे थांबेल तेवढं लिहायचं. इजिप्तला इस्रायलबरोबर एका टेबलाशी बसलेलं दिसायचं नव्हतं. मग दोन्ही शिष्टमंडळं एकाच हॉटेलात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. बंच आधी एकाकडे जाणार, मग दुसऱ्याकडे, आणि मसुदा थोडा पिकला की दोघांना एका खोलीत आणणार. तिथेही बोलायचं ते बंच यांच्याकडे बघून. वीस वर्षांनी अरब-इस्रायल बोलण्यांसाठी 'ऱ्होड्स पद्धत' हा शब्द पुन्हा निघाला तेव्हा त्या बोलण्यांना थेट म्हणायचं की अप्रत्यक्ष, यावरच वाद झाला. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटावं, हीच तर त्या मांडणीतली हुशारी होती.

बंच यांची मला सगळ्यात आवडणारी युक्ती अगदी कारकुनी आहे. सुरुवातीलाच मोठा प्रश्न काढायचा नाही. आधी फक्त विषयपत्रिका ठरवायची, आणि तीही तोंडी नाही, दोघांनी रीतसर सही करून. त्या कागदात वादाचं फारसं काही नसतं. पण शत्रूबरोबर एकाच कागदावर सही करण्याची भीड एकदा मोडते, आणि पुढचा कागद तितका जड जात नाही.

खरं अडलं ते दक्षिण पॅलेस्टाइनमधल्या (इराकमधल्या नव्हे) फालुजापाशी. तिथे इजिप्तची सुमारे चार हजारांची ब्रिगेड वेढ्यात सापडली होती. पुढे इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष झालेला गमाल अब्देल नासर नावाचा एक मेजरही तिच्यात होता. ती सुटल्याशिवाय इजिप्त पुढे सरकेना, आणि हातातला हुकुमाचा पत्ता इस्रायल आधीच टाकेना. दुसरी गाठ अल-औजाची, सिनाईच्या तोंडावरच्या नाक्याची. बंच यांनी तो भाग कोणालाच दिला नाही. तो निःशस्त्र ठरवला आणि शस्त्रसंधी पाळली जाते का ते बघणाऱ्या संयुक्त आयोगाचं मुख्यालयच तिथे ठेवलं: सात सदस्य, तीन-तीन दोन्ही बाजूंचे, अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांचा. शिवाय करारातच घातलं की शस्त्रसंधीची रेषा कोणत्याही अर्थानं राजकीय सीमा समजायची नाही. ब्रिगेडनं हत्यारांसह बाहेर पडायचं ठरलं. २४ फेब्रुवारीला सह्या झाल्या.

ताटल्यांचा किस्सा इथलाच. बंच यांनी स्थानिक कुंभारांकडून वाटाघाटींची आठवण म्हणून रंगीत ताटल्या करून घेतल्या होत्या. बोलणी अडली तेव्हा त्यांनी कप्प्यातून त्या काढून दाखवल्या: जमलं तर घरी न्या, नाही जमलं तर तुमच्याच डोक्यात फोडतो. आज जुन्या शहरात त्याच धर्तीच्या ताटल्या फुलं, हरणं आणि जहाजांसह दुकानोदुकानी टांगलेल्या असतात. घेणार असाल तर मागची बाजू बघून घ्या. छापील चिकटचित्र आणि हातानं रंगवलेलं काम, दोन्ही शेजारीशेजारी विकतात.

जॉर्डनचा करार ३ एप्रिलला इथेच झाला, पण तो बराचसा देखावा. खरी घासाघीस राजा अब्दुल्लांच्या शुनेहच्या महालात गुपचूप झाली होती. लेबनॉनचा करार नाकुरा सीमेवर, सीरियाचा थेट २० जुलैला.

१९५० चं नोबेल बंच यांना मिळालं तेव्हा ते नाकारायचा त्यांचा विचार होता. संयुक्त राष्ट्रांत शांततेचं काम बक्षिसासाठी करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी घ्यायला लावलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातलं मोठं पद मात्र त्यांनी खरोखरच नाकारलं होतं, कारण वॉशिंग्टनमध्ये वर्णभेद होता आणि मुलांना त्यात वाढवायचं नव्हतं.

जायचं कसं? अथेन्सहून विमान सोपं. पिरेअसची बोट रात्रभर घेते आणि डेकवरच्या खुर्चीचे पैसे वाचवणं पाठीला महागात पडतं. तुर्कस्तानातल्या मार्मारिसहून बोट तासाभराची, पण भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेन व्हिसा एकदाच्या प्रवेशाचा आहे की अनेकदाचा, ते आधी पाहावं. एकदाचा असेल तर मार्मारिसला दिवसभर जाऊन परत येता येत नाही, आणि तिकीट विकणारा हे सांगेलच असं नाही. बोलणी झाली त्या हवेत ही जागा बघायची हौस असेल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा: पाऊस, वारा, अर्धी हॉटेलं बंद, खोली गरम होते का ते बुकिंगआधीच विचारून घ्यायचं. छत्र्या मात्र नसतात, आणि इमारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते.