हँडलवरचा नकाशा : मार्च ते जुलै

मार्चमध्ये फोनचा कॅमेरा गेला. माळशेजच्या माथ्यावर थांबून फोटो काढायला घेतला, तर स्क्रीनवर समोरचा कडा थरथरत होता आणि काही केल्या फोकस बसेना. दोन वर्षं तो फोन हँडलला थेट क्लॅम्प करून वापरला, त्याचं हे फळ. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यातलं भिंग तरंगतं ठेवलेलं असतं आणि बारीक सेन्सर त्याची जागा सांभाळतात. माझी बाइक ३५० सीसीची, सिंगल सिलिंडर. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० फेरे मारतं आणि तो प्रत्येक ठोका हँडलमधून फोनपर्यंत पोचतो. मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी कॅमेरा खराब होऊ शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ साली दिला होता. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, पण रचना तीच. तो इशारा मी तेव्हा वाचलाही होता.

त्या दिवशी ठरवलं, रोजचा फोन पुन्हा हँडलवर लावायचा नाही. मग नकाशा कशावर बघायचा, हा शोध सुरू झाला. नियमाची अडचण नाही. ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायला मुभा आहे.

एप्रिलमध्ये मित्राची रॉयल एनफील्ड मीटिऑर आठवडाभर चालवली. तिच्या मीटरशेजारी ट्रिपर नावाच्या दिशादर्शकाची छोटी गोल तबकडी आहे, तिच्यावर फक्त बाण आणि अंतर दिसतं. फोन खिशात राहतो. मला ती मनापासून आवडली. ट्रॅफिकमध्ये नजर अर्ध्या सेकंदासाठी खाली जाते, तेवढ्यात बाण कळतो, नकाशा कळत नाही. पण क्रॉफर्ड मार्केटपाशी घोळ झाला. बाण म्हणाला सरळ. समोर जेजेचा पूलही सरळ आणि त्याच्या खालचा मोहम्मद अली रोडही सरळ. पुलावर दुचाकींना बंदी आहे हे मला माहीत होतं म्हणून खालून गेलो. नवखा माणूस बाणाच्या भरवशावर पुलावर चढला असता. पुलावरून जायचं की खालून, हा प्रश्न मुंबईत दर दोन-तीन किलोमीटरला पडतो आणि त्यासाठी नकाशाचं चित्रच लागतं.

मे महिन्यात हँडलवर पाच इंची स्क्रीन बसवून पाहिली. ती वायफायने फोनशी जोडली जाते, फोन खिशात असतो आणि गाडीतल्यासारखा नकाशा समोर उमटतो. पाण्याला टिकते, उन्हातही बरी दिसते. माझा शोध इथेच संपला असं मला वाटलं होतं.

पण माझ्या जोडणीत नकाशा स्क्रीनवर गेला की दुचाकीचा पर्यायच दिसेना, मार्ग चारचाकीचा धरला जाई. दुसऱ्या एखाद्या शहरात हे चाललं असतं. मुंबईत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू दुचाकींना बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, पुण्याचा द्रुतगती मार्ग बंद. चारचाकीच्या मार्गावर विसंबून निघालं, तर शिवडीला अटल सेतूच्या किंवा कळंबोलीला द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी जाऊन मागे फिरायची वेळ येते. एका जाणत्या रायडरने उपाय सुचवला, ‘टोल टाळा’ चालू कर. करून पाहिलं. सागरी सेतू, अटल सेतू, द्रुतगती मार्ग गळले, कारण तिथे टोल आहे. कोस्टल रोड आणि जेजेचा पूल मात्र तसेच राहिले, तिथे टोलच नाही. गूगल मॅप्सचा दुचाकी पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये सर्वांत आधी भारतात आला, आणि इथे बाइक चालवणाऱ्याला त्याची किंमत कळते. तो सोडून दुसरं काही घ्यायला माझं मन तयार नाही. स्क्रीन परत केली.

गार्मिनचा झुमो एक्सटी हा खास बाइकसाठीचा नकाशादर्शक एका ओळखीच्याने परदेशातून आणलाय, तोही हाताळला. साडेपाच इंची पडदा, ग्लोव्हज घालून बोटं चालतात, पाण्याची भीती नाही. यंत्र म्हणून देखणं आणि भक्कम. लडाखला महिनाभर जाणार असतो तर घेतलं असतं. भांडुप ते फोर्टसाठी तेवढा खर्च मला पटला नाही.

जूनमध्ये निर्णय झाला : नकाशासाठी वेगळा, दुय्यम फोन. खराब झाला तर झाला, त्यात ना बँक ना फोटो. त्याला इंटरनेट खिशातल्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. निवडताना कॅमेरा बघितलाच नाही, फक्त एक गोष्ट बघितली : जीपीएसची एल१ आणि एल५ अशा दोन्ही लहरी पकडणारा. उंच इमारतींवर आपटून येणारे सिग्नल एल५ मध्ये जास्त चांगले ओळखता येतात. खात्री करून घ्यायला जुना आणि नवा असे दोन्ही फोन जॅकेटच्या दोन खिशांत ठेवून मोहम्मद अली रोड आणि फोर्टच्या गल्ल्या फिरलो आणि दोघांचे जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे फिरलेल्या वाटेच्या नोंदीच्या फायली, घरी नकाशावर टाकले. जुन्याची रेघ इमारतींच्या आतून गेलेली, नव्याची बहुतेक ठिकाणी रस्त्यावर. अर्थात पुलावर की पुलाखाली, हे नव्यालाही सांगता येत नाही.

घाटासाठी ऑसमँड हे नकाशाचं ॲप टाकलं. नकाशा फोनमध्येच उतरवलेला असल्यामुळे ताम्हिणीत रेंज गेली तरी अडत नाही. शिवाय त्यात नको तो रस्ता स्वतः वगळता येतो. जेजेचा पूल आणि कोस्टल रोड मी हाताने वगळले. ट्रॅफिकचं मात्र त्यातून कळत नाही, म्हणून शहरात गूगल आणि शहराबाहेर ऑसमँड.

वायरिंगने सगळ्यात जास्त शिकवलं. पहिला चार्जर एक अँपिअरचा होता. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून जीपीएस चालू असला की फोन भरायच्याऐवजी उतरायचा. लॅमिंग्टन रोडवरून तीन अँपिअरचा सॉकेट, रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज आणला. आमच्या भांडुपच्या मिस्त्रीकाकांनी आधी वायर हातात घेऊन समजावलं : “करंट थेट बॅटरीतून घे, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लाव. टेललाइटच्या वायरीतून रिलेला फक्त इशारा दे. चावी काढली की सगळं बंद झालं पाहिजे.” तसंच केलं. रात्रभर उभी राहूनही बॅटरी उतरलेली नाही. फोन धरणाऱ्या माउंटखाली कंपनं शोषणारा रबरी डॅम्पर घातलाय. माउंट घट्ट करण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, माझा पहिल्यांदा टाकीला घासत होता.

पावसाचे दोन धडे मिळाले. पहिला, थेंब पडले की पडदा त्यांना बोट समजतो आणि नकाशा वाट्टेल तिकडे सरकतो. म्हणून निघण्याआधी मार्ग लावून टच बंद करायचा आणि हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर सूचना ऐकायच्या. दुसरा, केबलवरून ओघळलेलं पाणी फोनच्या चार्जिंगच्या तोंडात गेलं आणि ओलाव्याची सूचना येऊन चार्जिंग थांबलं. आता केबलला फोनच्या खाली एक झोळ दिलाय, पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन गळून जातं. जुलैचे पहिले दहा दिवस भांडुप ते फोर्ट रोज भिजत गेलो, सूचना पुन्हा आलेली नाही.

राहिलंय ते पावसातल्या लांबच्या फेरीचं. या रविवारी पहाटे कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज, पूर्ण ऑफलाइन, हॉटस्पॉट बंद ठेवून. कुणाकडे पावसाळी धुक्यातले एल५ फोनचे घाटातले ट्रॅक असतील तर जीपीएक्स द्या, माझ्या ट्रॅकशेजारी ठेवून बघायचे आहेत.