पीएफवर दशांश द्यायचा का?

पीएफवर दशांश द्यायचा का? आणि द्यायचा तर आत्ता, की पैसे हातात आल्यावर? दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाच्या कामाला द्यायची आम्हा ख्रिस्ती लोकांची रीत. आमच्या घरातलं म्हातारपणाच्या तरतुदीचं गाडं बरेच महिने या प्रश्नावर अडलं होतं. फंड विकायला आलेल्या मुलाला मी हे विचारलं, तर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मी पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. पाळकाला राहायला चर्चचं घर असतं, त्यामुळे स्वतःचं घर घ्यायचा विचारच कधी होत नाही. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि थोडी रक्कम मिळाली. पेन्शन नव्हतीच. घर नव्या पाळकांसाठी रिकामं करून पप्पा-मम्मी आमच्याकडे राहायला आले. पप्पांची तक्रार नाही. “प्रभूने एक दिवस उपाशी ठेवलं नाही,” असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. मात्र प्रभूने ते काम बऱ्याचदा मम्मीच्या शिलाई मशीनकडून करून घेतलं, हे मी त्यांच्यासमोर बोलत नाही.

अशा घरात वाढल्यावर बचतीचं नाव काढलं, की बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय पुढे येतोच. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, आकाशातली पाखरं बघा, उद्याची चिंता करू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायकांचा संसार प्रार्थनेच्या बळावर कसा चालवला, ते ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. मग दर महिन्याला पैसे बाजूला टाकणं म्हणजे अविश्वास का? नवऱ्याला तसं वाटायचं. मला वाटत नव्हतं, पण त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते मिळालं बायबल अभ्यासात, निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात. रानात इस्राएल लोकांना रोज मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, मिळायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, आणि तो दुसऱ्या दिवशी सडला नाही, कारण दुसरा दिवस शब्बाथाचा, विसाव्याचा. काही लोक त्या दिवशीही गोळा करायला बाहेर पडले आणि त्यांना काहीच सापडलं नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब पुढच्या मुद्द्याकडे वळले, मी मात्र तिथेच थांबले. साठवायला बंदी करणाऱ्या त्याच अध्यायात साठवायची आज्ञाही आहे! घरी येऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “पण दुप्पटच सांगितलंय. वीसपट नाही.” ही गोष्ट मला आजही छळते.

लूकाच्या शुभवर्तमानातला, कोठारं पाडून मोठी बांधणारा श्रीमंतही मग मी नीट वाचला. पीक साठवलं हा त्याचा दोष असेल, तर मिसरात सात वर्षं धान्य साठवणाऱ्या योसेफालाही दोष द्यावा लागेल. या माणसाच्या बोलण्यात सगळं ‘मी’ आणि ‘माझं’. योसेफाने साठवलं त्यावर देश जगला. याच्या कोठारात दुसऱ्या कुणासाठी एक दाणा नाही.

पाळकसाहेबांनी एक गोष्ट सांगितली, ती पप्पांना सगळ्यात जास्त आवडली. स्कॉटलंडमध्ये १७४४ साली रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी मृत पाळकांच्या विधवा-मुलांसाठी निधी उभारला. दरवर्षी किती पाळक मरतात, किती विधवा मागे राहतात, याचे आकडे त्यांनी जमवले आणि कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञाकडून हिशेब तपासून घेतला. आधुनिक विम्याच्या सुरुवातीच्या निधींमध्ये त्याची गणना होते. मुंबईला शाळा-कॉलेज काढणारे डॉ. जॉन विल्सन याच स्कॉटिश चर्चमधून आलेले. पप्पा म्हणाले, “म्हणजे साहेब लोक येताना देवाचं वचन घेऊन आले, आणि पासबुक तिकडेच ठेवलं.”

आता दशांश. माझा बेसिक पगार चोवीस हजार. त्याचे बारा टक्के, म्हणजे २,८८० रुपये माझ्याकडून पीएफला जातात आणि तेवढेच मालकाकडून. मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, बाकीचे माझ्या खात्यात. मी आजवर हातात पडणाऱ्या पगारावर दशांश देत आले होते. पण २,८८० हेही माझ्याच कमाईचे, आणि प्रथमफळ, म्हणजे देवाचा पहिला वाटा, तर बाकी काही वजा होण्याआधी द्यायचं असतं. मालकाचा वाटा मी अजून पाहिलेलाही नाही, त्याचं काय? व्याजाचं काय? मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एका वडीलधाऱ्या बाईंनी तर दशांशाची आज्ञा असलेला मलाखीचा तिसरा अध्याय तोंडपाठ म्हणून दाखवला, पण त्यात पीएफचा उल्लेख कुठे सापडेना. शेवटी आम्ही असं ठरवलं: माझ्या वाट्यावर आत्ता, आणि मालकाचा वाटा व व्याज यांवर पैसे मिळतील तेव्हा. माझ्या बहिणीला हे पटलेलं नाही.

यापुढचं काम सरकारी कागदांचं होतं. आधीच्या दोन नोकऱ्यांचा पीएफ वेगवेगळ्या खात्यांत पडून होता. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर लग्नानंतरचं, आणि जुन्या मालकाच्या नोंदीत बाप्तिस्म्याचं. नावं जुळल्याशिवाय बदली होत नाही. मालकाच्या सहीने जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे नावदुरुस्तीचा अर्ज, भरावं लागलं, एका अर्जाचं तर उत्तरच आलं नाही. ज्यांची नावं अशी दोन-तीन आहेत, आणि आपल्यात ती असतातच, त्यांनी हे काम निवृत्तीपर्यंत ठेवू नये. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, त्यात जुनी वर्षं धरली जायला हवीत. तरी पेन्शन किती? पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराची पंधरा हजारांची मर्यादा गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पंचवीस वर्षांचे महिन्याला साधारण ५,३५७ रुपये. तो आकडा कागदावर लिहिल्यावर नवरा गप्प झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने पोस्टात पीपीएफ, म्हणजे कुणालाही काढता येणारं सरकारी बचत खातं, उघडलं. वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, मुदत पंधरा वर्षं.

मला थोडे पैसे निफ्टीच्या, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या, इंडेक्स फंडात टाकायचे होते. त्यात आयटीसी आहे, म्हणजे सिगारेट. आमच्या घरात कुणी तंबाखूला हात लावत नाही, आणि वॉर्डात मी फुप्फुसं गेलेली माणसं रोज बघते. नवऱ्याने सरळ नाही म्हटलं. मग कळलं, की पीएफचा काही भागही २०१५ पासून निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे तशाच फंडांमध्ये, जातो. म्हणजे आयटीसी आमच्या घरात आधीच येऊन बसली होती. पौल करिंथकरांना म्हणतो, बाजारात मिळणारं मांस चौकशी न करता खा. पण ते मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका. आम्हाला तर फंडाची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रकच, सिगारेटचं सांगत होती. मी फंड घेतला नाही, पीएफमधलाच माझा वाटा वाढवून घेतला. हे पुरेसं सुसंगत नाही, ते मला कळतं.

यंदाच्या वार्षिक सभेत आम्ही दोघांनी पाळकसाहेबांच्या तरतुदीचा विषय मांडला. मंडळीने दरमहा ठरावीक रक्कम त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या पीपीएफसाठी द्यावी, म्हणजे बदली झाली तरी खातं त्यांच्याबरोबर जाईल. एका पंचांनी विचारलं, “पाळकांचा देवावरचा भरवसा कमी झालाय का?” पप्पा उठले आणि म्हणाले, “भरवसा पाळकाचा आहेच. मंडळीने आपला हिशेब दाखवावा.” ठराव एका वर्षापुरता मंजूर झाला. रक्कम किती, ते पुढच्या बैठकीत.